वाडा पाहावा, हिशेबासकट

इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमधील ऐतिहासिक वास्तू, बागा आणि किनारे सांभाळणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेने सप्टेंबर २०२० मध्ये एक अहवाल प्रसिद्ध केला. संस्थेच्या ताब्यातील ९३ ठिकाणांचा वसाहतींच्या कारभाराशी, आणि त्यांतील काहींचा थेट गुलामांच्या श्रमाशी, कसा संबंध होता याची ती प्राथमिक नोंद होती. त्यावरून जो गदारोळ उठला तो अजून पुरता शमलेला नाही. हुजूर पक्षाच्या खासदारांच्या एका गटाने वृत्तपत्रात जाहीर पत्र लिहिले आणि धर्मादाय आयोगाकडे तक्रारी गेल्या. संस्थेने कायद्याचा भंग केलेला नाही असा निर्वाळा आयोगाने मार्च २०२१ मध्ये दिला, तरीही नाराज मंडळींनी त्याच वर्षी ‘रिस्टोर ट्रस्ट’ या नावाने आपली आघाडी उघडली. आपल्याकडे हा वाद पोहोचला तो एका वाक्यापुरता: बघा, आमच्या लुटीवर यांचे महाल उभे आहेत. तिकडचे म्हणतात, लोक सुटीच्या दिवशी चार घटका आनंदात घालवायला येतात, त्यांना प्रवचने कशाला? इकडचे म्हणतात, असल्या वास्तू पाहायला जाणेच लाजिरवाणे आहे. दोन्ही बाजूंचा आवाज मोठा आहे, आणि ज्या वास्तूबद्दल भांडण चालले आहे तिच्याकडे डोळे उघडून पाहण्याची तयारी मात्र दोघांचीही नाही.

माझे मत मी आधीच सांगतो. हे वाडे अवश्य पाहावेत, त्यांच्या उपवनांतून मनसोक्त भटकावे, तिथल्या कारागिरीला मोकळ्या मनाने दाद द्यावी. आणि वाडा ज्या पैशावर, ज्या जमिनीवर आणि ज्यांच्या श्रमावर उभा राहिला त्याचा हिशेब त्याच वाड्यात, त्याच दालनात, त्याच भेटीत मिळावा असा आग्रह धरावा. हा हिशेब म्हणजे वास्तूवर लादलेला उपदेश आहे असे जे समजतात त्यांना वास्तू कळलेली नसते. खोल्यांची मांडणी, झाडांची लागवड, दारांची दिशा, स्वयंपाकघरापासून भोजनगृहापर्यंतचे अंतर या साऱ्याचे कारण त्या हिशेबातच सापडते.

विरोधकांच्या बाजूचे जे खरे आहे ते नीट मान्य केले पाहिजे. पहिली गोष्ट, हे वाडे टिकले ते आपोआप टिकलेले नाहीत. विसाव्या शतकात वारसा कर, शेतीचे घटलेले उत्पन्न आणि दोन महायुद्धे यांच्या कचाट्यात इंग्लंडमधील हजाराहून अधिक कंट्री हाउस, म्हणजे जहागिरींवरचे असे वाडे, जमीनदोस्त झाली. कित्येकांचे छप्पर, शिसे आणि लाकूड उतरवून भंगाराच्या भावाने विकले गेले. १९३४ मध्ये लॉर्ड लोथियन यांनी या वास्तू वाचवण्याची हाक दिली, १९३७ मध्ये त्यासाठी कायदा झाला, आणि घराण्यांनी आपले वाडे ट्रस्टला देऊन तिथेच राहण्याची सोय निर्माण झाली. स्वतः लोथियन यांचे ब्लिकलिंग हॉल १९४० मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर ट्रस्टकडे आले. आज ट्रस्टचे पन्नास लाखांहून अधिक सभासद आहेत. त्यांची वर्गणी, प्रवेशशुल्क आणि दालनादालनांत दिवसभर उभ्या राहणाऱ्या, बहुतेककरून निवृत्त झालेल्या स्वयंसेवकांचा वेळ यांवर ही छपरे गळायची थांबली आहेत. अशा माणसाला दारातच ‘तू एका अपराधाचा भागीदार आहेस’ असे ऐकवले तर त्याला राग येईल, आणि तो राग रास्त असेल. काही फलक खरोखरच वाईट लिहिलेले असतात. शंभर वर्षांची गुंतागुंत दोन वाक्यांत कोंबून शेवटी न्यायाधीशाच्या थाटात निकाल देणारा मजकूर वाचून कोणाच्याही ज्ञानात भर पडत नाही.

दुसरी गोष्ट, २०२० च्या त्या यादीत एका दावणीला न बांधण्याजोगी ठिकाणे एकत्र बांधली गेली होती. विन्स्टन चर्चिल यांचे चार्टवेल हे घर तिच्यात आले ते त्यांनी भूषवलेल्या वसाहतविषयक पदांमुळे आणि हिंदुस्थानला स्वशासन देण्याला केलेल्या विरोधामुळे. त्या विरोधाबद्दल आपल्याला जे वाटायचे ते वाटेल, पण राजकीय मत बाळगणे आणि जमैकात माणसे विकत घेऊन त्यांच्याकडून ऊस पिकवणे यांत अंतर आहे. हे अंतर पुसले की दुसऱ्या गोष्टीचे गांभीर्य उणावते. टीकाकारांनी नेमके चार्टवेलच उचलून धरले आणि बाकीच्या ठिकाणांबद्दल एक शब्दही बोलण्याची गरज त्यांना उरली नाही. संशोधन घाईने मांडले की त्याचे सर्वांत मोठे नुकसान त्या संशोधनाच्या विषयाचेच होते.

डर्बीशरमधील केडल्स्टन हॉल हे याचे चांगले उदाहरण आहे. कर्झन घराणे त्या जागी बाराव्या शतकापासून आहे. सर नॅथॅनिएल कर्झन यांनी १७५९ मध्ये आजच्या वाड्याचे काम काढले आणि रॉबर्ट ॲडम या तरुण वास्तुकाराने त्याला त्याचे प्रसिद्ध रूप दिले. संगमरवरी दालनातले अलाबास्टरचे वीस खांब पाहिले की बांधणाऱ्याची महत्त्वाकांक्षा सांगावी लागत नाही. पण हा वाडा हिंदुस्थानच्या पैशावर बांधलेला नाही. तो मुख्यतः इंग्लंडमधल्याच जमिनीच्या उत्पन्नावर उभा राहिला. हिंदुस्थानशी त्याचा संबंध उलट दिशेने सुरू होतो. लॉर्ड वेलस्लीने १७९९ ते १८०३ या काळात कलकत्त्याला गव्हर्नमेंट हाउस बांधले ते केडल्स्टनच्या आराखड्यावर बेतून. पुढे केडल्स्टनमध्येच जन्मलेला जॉर्ज कर्झन १८९९ मध्ये व्हाइसरॉय होऊन आपल्या वडिलोपार्जित घराच्या त्या हिंदी आवृत्तीत राहायला गेला, आणि त्याने जमवलेल्या पौर्वात्य वस्तूंचे संग्रहालय त्याच्या मृत्यूनंतर मूळ वाड्यात मांडले गेले. १९०३ च्या दिल्ली दरबारात लेडी कर्झनने घातलेला मोरपिसांच्या नक्षीचा झगा तिथेच आहे: दिल्लीच्या कारागिरांनी सोन्या-चांदीच्या तारांनी भरलेला, प्रत्येक डोळ्यात भुंग्याच्या पंखाचा हिरवा तुकडा टाचलेला, आणि शेवटी पॅरिसला वर्थच्या शिवणगृहात शिवलेला. या एका वस्त्रातून साम्राज्याचा कारभार जितका समजतो तितका कोणत्याही घोषणेतून समजणार नाही. ‘लुटीचा महाल’ असे लेबल चिकटवून जो पुढे निघून जातो त्याला यातले काहीच दिसत नाही. आणि ‘काय सुंदर झगा!’ म्हणून जो पुढे जातो त्यालाही नाही.

आता विरोधकांचा जो आक्षेप सर्वाधिक वेळा ऐकू येतो, आणि वरवर पाहता बिनतोड वाटतो, त्याकडे वळू. आजच्या नीतीच्या मापाने कालच्या माणसांना मोजणे अन्यायाचे आहे, असे ते म्हणतात. तत्त्व म्हणून हे मला मान्य आहे. प्रश्न एवढाच की त्या काळाचे माप कोणते होते, हे कोणी तपासून पाहिले आहे काय? रॉबर्ट क्लाइव्ह बंगालमधून गडगंज होऊन परतला, त्याने सरेमधील क्लेअरमाँटची जहागीर विकत घेतली, जुना वाडा पाडून नवा बांधायला घेतला. त्याच सुमारास, १७७२-७३ मध्ये, त्याच्याच देशाच्या संसदेत त्याच्या संपत्तीची चौकशी चालली होती, आणि त्याने २,३४,००० पौंड मिळवले हे सभागृहाने ठरावात नोंदवले. त्याच वेळी त्याने देशाची मोठी सेवा केली असेही नोंदवले. बंगालचा माजी गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज याच्यावरचा महाभियोग १७८८ पासून १७९५ पर्यंत चालला. तो निर्दोष सुटला, पण सात वर्षे लंडनमध्ये बंगाल, बनारस आणि अवधच्या बेगमांची चर्चा होत राहिली. हिंदुस्थानातून पैसा करून आलेल्या ‘नबॉब’ लोकांबद्दल अठराव्या शतकातल्या इंग्रजांनी जे लिहिले ते आजच्या कुठल्याही फलकापेक्षा कितीतरी जहाल आहे. गुलामगिरीविरुद्ध त्या काळी हजारो सामान्य इंग्रजांनी अर्जांवर सह्या केल्या आणि घरात वेस्ट इंडीजची साखर आणायची थांबवली. म्हणजे ज्याला आजचे माप म्हटले जाते ते त्या काळी रस्त्यारस्त्यांवर उपलब्ध होते. ते न वापरणारे तेवढे ‘त्यांच्या काळाचे’ आणि वापरणारे कुठल्या काळाचे?

उत्तर वेल्समधील पेन्रिन कॅसलची कथा या दृष्टीने जरा सविस्तर सांगण्याजोगी आहे. रिचर्ड पेनंट याचे जमैकात उसाचे मळे होते. तो लिव्हरपूलचा खासदार होता, वेस्ट इंडीजच्या मळेवाल्यांच्या आणि व्यापाऱ्यांच्या संघटनेचा अध्यक्ष होता, आणि गुलामांचा व्यापार बंद करण्याला त्याने संसदेत विरोध केला. साखरेचा पैसा त्याने वेल्समधल्या पाटीच्या दगडाच्या खाणीत घातला. त्याच्या वारसाने, जॉर्ज डॉकिन्स-पेनंटने, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आजचा नॉर्मन धाटणीचा प्रचंड किल्ला बांधून घेतला. १८३३ च्या कायद्याने गुलामगिरी संपली तेव्हा ब्रिटिश सरकारने २ कोटी पौंड नुकसानभरपाई दिली. ती गुलामांना नव्हे, मालकांना दिली. डॉकिन्स-पेनंटला ७६४ माणसांच्या बदल्यात १४,००० हून अधिक पौंड मिळाले. त्या भरपाईसाठी काढलेल्या कर्जाचा शेवटचा हिस्सा ब्रिटिश करदात्यांनी २०१५ मध्ये फेडला. इतिहास फार जुना झाला असे म्हणणाऱ्यांनी हे साल लक्षात ठेवावे.

किल्ल्याची गोष्ट साखरेपाशी थांबत नाही. आत एक पलंग आहे, पाटीच्या दगडाचा, वजनाने सुमारे एक टन. राणी व्हिक्टोरियाच्या भेटीसाठी तो घडवला होता. तो दगड ज्या खाणीतून निघाला त्या खाणीत नोव्हेंबर १९०० पासून तीन वर्षे कामगारांचा लढा चालला. बेथेस्डा गावात कुटुंबे उपाशी राहिली, कित्येक जण कायमचे गाव सोडून गेले. जे संपात टिकले त्यांच्या खिडक्यांत वेल्श भाषेतली एक पाटी असे: या घरात फितूर नाही. संप हरला. पण गावातल्या अनेक घरांनी पुढे पिढ्यान्‌पिढ्या त्या किल्ल्यात पाऊल टाकले नाही. १९५१ मध्ये किल्ला ट्रस्टकडे आला, पर्यटकांच्या बसगाड्या येऊ लागल्या, तरी खाणकामगारांची नातवंडे शेजारी राहूनही आत गेली नाहीत. म्हणून मी विचारतो, या वास्तूंचा काळा हिशेब विद्यापीठातल्या चार फॅशनेबल मंडळींनी काल-परवा शोधून काढला, हे म्हणणे कितपत खरे आहे? बेथेस्डाच्या लोकांना तो शंभर वर्षे तोंडपाठ होता. तो फलकावर नव्हता इतकेच, आणि नव्हता कारण फलक लिहिणाऱ्यांनी त्यांना कधी विचारले नव्हते.

‘प्रवचनाने पर्यटक पळतील’ या भीतीला उत्तर इतिहासातच आहे, आणि तेही याच संस्थेच्या. एके काळी या वाड्यांची माहितीपत्रके वास्तुकाराचे नाव, छताची नक्षी, कोणत्या चित्रकाराने कोणत्या उमरावाची तसबीर काढली, यापलीकडे जात नसत. स्वयंपाकघर, धुण्याची खोली, नोकरांचे जिने या बघण्यासारख्या जागा आहेत असे कोणाला वाटत नव्हते. वेल्समधल्या रेक्सहॅमजवळचे एर्डिग हे घर १९७३ मध्ये ट्रस्टकडे आले. तिथल्या यॉर्क घराण्याने अठराव्या शतकापासून आपल्या नोकरांच्या तसबिरी काढून घेतल्या होत्या, त्यांवर स्वतः पद्ये रचली होती; सुतार, स्वयंपाकीण, माळी, रखवालदार, सारे भिंतीवर होते. ट्रस्टने पाहुण्यांना दर्शनी दारातून न नेता कारखान्याच्या आणि तबेल्याच्या अंगाने आत नेले. आज कुठल्याही कंट्री हाउसमध्ये सर्वांत जास्त गर्दी कुठे असते? तांब्याची पातेली ओळीने टांगलेल्या स्वयंपाकघरात. नोकरांच्या घंटांच्या पाटीपुढे मुले थांबतात, कुठल्या खोलीत कुठली घंटा वाजत असे ते वाचतात. नोकरांची गोष्ट सांगितल्याने वाड्याची शान गेली नाही. ज्यांच्या आज्या-पणज्या अशाच घरांतून राबल्या होत्या त्यांना वाडा पहिल्यांदा आपला वाटला. मग जिन्याखालच्या स्वयंपाकिणीला जी जागा मिळाली ती समुद्रापलीकडच्या मळ्यातल्या बाईला देण्यात अडचण कोणती? ती या छपराखाली झोपत नव्हती, एवढीच ना?

आणि ज्यांना वाडा नको, केवळ मोकळी हवा हवी असते, त्यांचे काय? ‘निदान उपवनात तरी राजकारण आणू नका’ असे ते म्हणतात. त्यांच्याविषयी मला सहानुभूती आहे, कारण त्या हिरव्या उतारांइतके मन शांत करणारे दृश्य इंग्लंडमध्येही विरळा. एकट्या-दुकट्या उभ्या असलेल्या प्रचंड ओक वृक्षांखाली हरणे चरतात, तळे वळण घेत झाडीआड जाते, आणि सारे इतके सहज की निसर्गाने आपणहून मांडल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात यातले बहुतेक मांडलेले आहे. लॅन्सलॉट ‘केपेबिलिटी’ ब्राऊन या एका माणसाने १७० हून अधिक जहागिरींवर अशी दृश्ये रचली: टेकड्या कोरल्या, ओढे अडवले, वाढलेली झाडे मुळासकट हलवली. वाड्यासमोरच्या हिरवळीच्या टोकाला गेलात तर एकाएकी पायाखाली चर लागतो. त्याची वाड्याकडची बाजू उभ्या दगडी भिंतीची, पलीकडची बाजू गवताच्या उताराची. खिडकीतून तो दिसत नाही. गुरे आत येऊ नयेत आणि मालकाच्या नजरेला मात्र कुंपण आड येऊ नये, दिसेल तितकी जमीन अखंड आपलीच वाटावी, यासाठी ती युक्ती होती.

नजरेच्या त्या अखंडतेआड केवळ गुरेच येत नव्हती. केडल्स्टनमध्ये वाड्याला अगदी खेटून एक मध्ययुगीन चर्च आहे. आत कर्झनांच्या पिढ्यान्‌पिढ्यांची थडगी आहेत. एवढे जुने चर्च एका घराण्यासाठी बांधलेले नसते, ते गावासाठी असते. मग गाव कुठे आहे? नव्या वाड्यासाठी ते उठवून दुसरीकडे नेले, सार्वजनिक रस्ताही हलवला. चर्च पवित्र म्हणून राहिले, माणसे गेली. डॉर्सेटमध्ये लॉर्ड मिल्टनने आपल्या घरासमोरचे मिल्टन हे अख्खे बाजाराचे गाव काढून टाकले आणि काही रहिवाशांसाठी दरीत एकसारख्या झोपड्यांची ओळ बांधून दिली. ती इतकी देखणी आहे की आज तिचीच छायाचित्रे कॅलेंडरवर येतात. अठराव्या शतकात आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी संसदेने एकामागून एक कायदे करून गावकऱ्यांची सामाईक कुरणे खाजगी केली. ज्या गवतावर आज कुटुंबे चटई पसरून बसतात त्यावर कलत्या उन्हात पाहिले तर कित्येक ठिकाणी जुन्या नांगरटीचे उंचवटे आणि सऱ्या स्पष्ट दिसतात. उपवनात राजकारण कोणी आज आणलेले नाही. ते झाडांच्या आधी तिथे होते.

आणि या उपवनांत, या माळरानांत फिरण्याचा आजचा हक्क तरी कोणी दिला? २४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टरकडच्या शेकडो कामगार तरुणांनी डर्बीशरच्या किंडर स्काउट या डोंगरपठारावर बंदी मोडून प्रवेश केला. शिकारीच्या पक्ष्यांसाठी राखलेली ती जमीन ड्यूक ऑफ डेव्हनशरची होती, ज्यांचा चॅट्सवर्थचा वाडा पाहायला आज जग लोटते. पाच जणांना तुरुंगवास झाला. त्या घटनेला ७० वर्षे झाली तेव्हा, २००२ मध्ये, अकराव्या ड्यूकने त्या जागी येऊन आपल्या आजोबांच्या वागण्याबद्दल जाहीर दिलगिरी व्यक्त केली. किंडर स्काउट आज नॅशनल ट्रस्टकडे आहे. ड्यूकने माफी मागितल्याने चॅट्सवर्थची एकही वीट हलली नाही, ना पर्यटक कमी झाले. जे आजोबांच्या कृत्याबद्दल बोलायला तयार होतात त्यांच्या घरी लोक अधिक विश्वासाने जातात, असाच यातून निष्कर्ष निघतो.

यॉर्कशरमधील हेअरवुड हाउसकडे पाहिले तरी हेच दिसते. लॅसेल्स घराण्याने बार्बाडोसच्या साखरेवर तो वाडा उभारला, ब्राऊनकडून उपवन आखून घेतले, आणि गुलामगिरी संपली तेव्हा १,२७७ माणसांबद्दल २६,००० पौंडांहून अधिक भरपाई घेतली. आजचे अर्ल डेव्हिड लॅसेल्स हे उघडपणे सांगतात. गुलामांच्या मालकांचे वंशज म्हणून जबाबदारी मानणाऱ्या गटात ते आहेत. डेव्हिड हेअरवुड या प्रसिद्ध कृष्णवर्णीय अभिनेत्याचे पूर्वज याच घराण्याच्या मळ्यावर गुलाम होते. त्याचे आडनावही तिथूनच आलेले. २०२३ मध्ये त्याची तसबीर त्या वाड्यात लावली गेली. अठराव्या शतकातला नामवंत चित्रकार रेनॉल्ड्स याने रंगवलेल्या लॅसेल्स मंडळींच्या घरात ती लागली म्हणून रेनॉल्ड्सचे रंग फिके पडले नाहीत.

इतका वेळ मी तिकडच्या बाजूशी बोललो. आता आपल्या बाजूशी. वेल्सच्या सीमेवर पोविस कॅसल आहे. क्लाइव्हचा मुलगा एडवर्ड मद्रासचा गव्हर्नर होता. त्याचे लग्न पोविसच्या घराण्यात झाले आणि बाप-लेकांनी जमवलेल्या हजाराहून अधिक हिंदी व पौर्वात्य वस्तू त्या किल्ल्यात जमा झाल्या. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडले, टिपू सुलतान मारला गेला, त्यानंतरच्या लुटीतला त्याचा तंबू तिथे आहे: फुलदाण्यांतून उमललेल्या फुलांच्या नक्षीचा, चिटाच्या सुती कापडाचा. पोविसच्या हिरवळीवर मेजवान्यांसाठी तो उभारला जात असे. हे वाचून संताप येतो आणि यायलाच हवा. आपल्या अधिक जवळचे उदाहरण म्हणजे त्र्यंबकेश्वरच्या देवस्थानातला ‘नासक’ नावाने ओळखला जाणारा हिरा. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली तेव्हा तो इंग्रजांच्या हाती लागला, लंडनला विकला गेला, आणि १८३७ मध्ये मार्क्विस ऑफ वेस्टमिन्स्टर या उमरावाने तो विकत घेतला. पुढे तो त्याच्या घराण्यातल्या तलवारीच्या मुठीत बसला. देवाच्या कोषातला हिरा चेशरच्या जहागिरदाराच्या कमरेला लागला, ही वस्तुस्थिती आहे.

पण या संतापातून ‘म्हणून तिथे जाऊच नये’ हा निष्कर्ष निघतो काय? आपण गेलो नाही तर तो तंबू कोणाच्या नजरेने पाहिला जाईल? जो पाहुणा येत नाही त्याची अनुपस्थिती कोणत्याही फलकावर लिहिली जात नाही. शिवाय ‘सारी लूट’ या दोन शब्दांत आपलाच इतिहास आपण हरवून बसतो. चार्ल्स मॅलेट १७८५ च्या सुमारास पुणे दरबारात इंग्रजांचा वकील म्हणून आला. त्याच्या पुढाकाराने आणि पेशव्यांच्या अनुमतीने पुण्यात चित्रशाळा निघाली, आणि त्या वर्तुळातल्या गंगाराम तांबट या पुणेकर चित्रकाराने वेरूळच्या लेण्यांची जी चित्रे काढली ती आजही थक्क करतात. मॅलेट इंग्लंडला परतला, विल्टशरमधले विल्बरी हाउस त्याच्या घराण्याचे झाले, आणि गंगारामची चित्रेही समुद्रापलीकडे गेली. ही लूट होती, खरेदी होती, की आश्रय होता? प्रत्येकीचा अंश त्यात आहे, आणि तो वेगळा करण्यासाठी कागद पाहावे लागतात. नुसत्या संतापाला कागद लागत नाहीत, म्हणूनच तो समोरच्याला एका वाक्यात झटकून टाकता येतो.

आणखी एक गोष्ट मराठी माणसानेच बोलायला हवी. क्लाइव्हने बंगाल लुटला हे आपण ठणकावून सांगतो, तेव्हा त्याच्या आधीच्या दहा वर्षांत नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजांनी बंगालमध्ये काय केले हे आपल्या तोंडी येत नाही. १७४१ पासून १७५१ पर्यंतच्या त्या स्वाऱ्यांच्या धास्तीने कलकत्त्याभोवती खंदक खणायला घेतला गेला, त्याचे नावच मराठा डिच पडले. आणि बर्गी म्हणजे आपले बारगीर बंगालच्या अंगाईगीतात भीती घालण्यासाठी आजही येतात. याने क्लाइव्हचा अपराध तसूभरही कमी होत नाही. पण पोविसच्या दालनात उभे राहून इंग्रजाकडे ज्या प्रामाणिकपणाची मागणी आपण करतो, ती नागपूरच्या जुन्या वाड्यापुढे स्वतःकडे करायची आपली तयारी आहे काय? नसेल तर आपणही पूर्वजांच्या सोयीचा तेवढाच इतिहास मागणाऱ्या त्या नाराज सभासदांच्याच रांगेत उभे आहोत.

राहता राहिला वस्तू परत करण्याचा प्रश्न. तो टाळावा असे मी म्हणत नाही. श्रीरंगपट्टणच्या लुटीतून आलेली वस्तू आणि मद्रासच्या बाजारात दाम मोजून घेतलेली वस्तू यांचा न्याय वेगळा व्हायला हवा, आणि पहिलीवर हिंदुस्थानचा दावा माझ्या मते भक्कम आहे. मात्र तो दावा भक्कम व्हायला आधी प्रत्येक वस्तूपुढे ती कधी, कशी, कोणाकडून आली हे लिहिले गेले पाहिजे. आणि जी मंडळी असे लिहिण्यालाच विरोध करतात त्यांना हे नेमके ठाऊक आहे. केडल्स्टन १९८७ मध्ये ट्रस्टकडे आले ते सार्वजनिक निधीच्या मोठ्या साहाय्याने; अशा वास्तूच्या वह्या खाजगी ठेवण्याचा अधिकार कोणालाच उरत नाही. इंग्लंडमध्ये राहणारे किंवा तिथे जाणारे हजारो मराठी लोक दर उन्हाळ्यात या वाड्यांच्या दारातून आत जातात, हिरवळीवर बसतात, चहा घेतात. त्यांनी तंबूपुढे उभे राहून तिथल्या स्वयंसेवकाला विचारावे की हे चीट कुठल्या गावात छापले, हा तंबू कोणत्या तारखेला कोणाच्या हाती पडला, आणि याची नोंद इथे का नाही किंवा अपुरी का आहे. उत्तर मिळाले नाही तर संस्थेला लेखी विचारावे. सभासदांची पत्रे ही संस्था वाचते, हे नाराज मंडळींनी आपल्या पत्रांच्या जोरावर सिद्ध केलेच आहे.